एकाच सुरातल्या बातम्यांतून बाहेर कसं पडायचं? मुंबईकर वाचकांचे नेहमीचे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात गेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इको चेंबर आणि फिल्टर बबल एकच का?

नाही, आणि दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत. फिल्टर बबल यंत्र तयार करतं. तुम्ही कशावर थांबलात, काय पूर्ण पाहिलंत, यावरून पुढचं काय दाखवायचं ते ठरतं. हा शब्द एली परायझर यांनी २०११ मध्ये रूढ केला. इको चेंबर माणसं तयार करतात: सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, ऑफिसातला चहाचा कंपू. तिथे वेगळं बोलणारा हळूहळू गप्प होतो किंवा ग्रुप सोडतो. बबलसाठी सेटिंग्ज बदलावी लागतात (प्रश्न ३ आणि ४). चेंबरमध्ये सेटिंग्ज कामाची नाहीत, तिथे माणसांशीच बोलावं लागतं (प्रश्न ११).

२. मी अडकलोय की नाही, हे कळणार कसं?

ज्यावर तुमचं ठाम मत आहे असा मुंबईतलाच एक वाद घ्या. आरे कारशेड, म्हणजे आरे वसाहतीतल्या मेट्रो डेपोचा वाद, घेऊ. आता विरुद्ध बाजूचं म्हणणं तीन वाक्यांत असं लिहा, की त्या बाजूचा माणूस वाचून म्हणेल, "हो, आमचं हेच म्हणणं आहे."

कारशेडच्या समर्थकाला झाडांची संख्या, मिठी नदीचं पूरक्षेत्र आणि कांजूरमार्गचा पर्याय यांवर नीट लिहिता आलं पाहिजे. विरोधकाला लोकलमधली गर्दी, उशिरामुळे वाढणारा खर्च आणि कांजूरच्या जागेच्या मालकीवरचा केंद्र-राज्य वाद नीट मांडता आला पाहिजे. "ते सगळे बिल्डरचे दलाल" किंवा "ते सगळे विकासविरोधी" यापलीकडे पेन सरकत नसेल, तर तुमच्यापर्यंत एकच बाजू पोचते आहे.

दुसरी खूण निवडणुकीच्या निकालादिवशी दिसते. "माझ्या ओळखीत तर कोणीच त्यांना मत दिलं नाही" हे वाक्य तोंडून निघालं, तर ओळखीचा परीघ तपासा.

३. यूट्यूब एकाच प्रकारचे व्हिडिओ दाखवतं. 'नॉट इंटरेस्टेड' दाबून दाबून कंटाळलो. काय करू?

ते बटण फारसं चालत नाही. मोझिलाने २०२२ मध्ये हजारो वापरकर्त्यांच्या माहितीवरून तपासलं, तेव्हा 'नॉट इंटरेस्टेड'ने नको त्या शिफारशी जेमतेम ११ टक्के रोखल्या आणि 'डिसलाइक'ने १२ टक्के. व्हिडिओ हिस्टरीतून काढल्यावर २९ टक्के रोखल्या गेल्या, तर 'डोन्ट रेकमेंड चॅनल'ने ४३ टक्के. म्हणून क्रम असा ठेवा:

आधी व्हिडिओच्या तीन टिंबांतून 'डोन्ट रेकमेंड चॅनल' निवडा. मग हिस्टरीत जाऊन त्या विषयाचे पाहिलेले व्हिडिओ एकेक करून काढा. त्यानंतर ऑटो-डिलीट तीन महिन्यांवर ठेवा. पर्याय तीन, अठरा आणि छत्तीस महिन्यांचे असतात. शेवटी ऑटोप्ले बंद करा.

इतक्याने भागलं नाही तर वॉच हिस्टरी पुसून पूर्ण बंद करा. मग होमपेजवर शिफारशी जवळपास राहत नाहीत, सबस्क्रिप्शन आणि शोध यांवरच काम चालतं. काहींना हे ओकंबोकं वाटतं. बातम्यांपुरतं पाहिलं तर तेच बरं.

घरात एकच टीव्ही आणि एकच खातं असेल, तर आजोबांचं कीर्तन, मुलांचं कार्टून आणि तुमची राजकीय चर्चा एकाच हिस्टरीत जाते. अशा वेळी वेगळी प्रोफाइल केल्याशिवाय वरच्या पायऱ्यांचा परिणाम टिकत नाही.

४. फेसबुक, इन्स्टा, एक्सवर वेळेनुसार फीड लावली की झालं ना?

लावा. इन्स्टाग्राममध्ये वरच्या लोगोवर टिचकी मारून 'फॉलोइंग', फेसबुकच्या मेनूत 'फीड्स', एक्सवर 'फॉलोइंग' टॅब, आणि त्यातला क्रम वेळेनुसार आहे ना तेही पाहा. इन्स्टाच्या कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करण्याची सोयही आहे.

पण अपेक्षा बेताची ठेवा. अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी काही वापरकर्त्यांना तीन महिने वेळेनुसार फीड दिली. त्यांचा ॲपवरचा वेळ घटला, राजकीय मतांतली तेढ मात्र मोजण्याइतकी बदलली नाही. कारण उघड आहे: आपण फॉलो केलेली माणसं आपल्याच विचारांची असतील, तर ती कुठल्याही क्रमाने आली तरी तेच बोलणार.

५. मग विरुद्ध बाजूची चार पानं फॉलो केली की समतोल येईल?

बहुधा उलटंच होईल. क्रिस्टोफर बेल यांच्या २०१८ च्या प्रयोगात अमेरिकी ट्विटर वापरकर्त्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध पक्षाच्या पोस्ट दाखवल्या. रिपब्लिकन पक्षाची मंडळी स्वतःच्याच बाजूला आणखी सरकली. आपल्याकडेही दुसऱ्या बाजूचा सर्वांत आक्रस्ताळा प्रवक्ता रोज ऐकला, तर "हे असेच असतात" हाच ग्रह पक्का होणार.

त्याऐवजी त्या बाजूचा सावकाश लिहिणारा एखादा लेखक निवडा, जो अधूनमधून स्वतःच्या पक्षालाही चार शब्द सुनावतो. त्याचा लेख वाचा, त्याच्यावरचे मीम वाचू नका. आणि दुसऱ्या बाजूपेक्षाही जास्त उपयोग मूळ कागदाचा होतो (प्रश्न ९). 'दोन्ही बाजू' वाचण्याचा सल्ला सगळेच देतात, कागद उघडायला फारसं कोणी सांगत नाही.

६. कुठलं मराठी वृत्तपत्र किंवा चॅनल कोणाचं, हे कुठे कळतं?

पेपरच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, मालक आणि संपादक यांची नावं असतात. बातम्यांच्या निवडीला जबाबदार कोण, तेही तिथेच तारांकित ओळीत लिहिलेलं असतं. चॅनलच्या मूळ कंपनीचं नाव संकेतस्थळावर तळाशी सापडतं.

नेहमीची नावं: 'लोकसत्ता' एक्स्प्रेस समूहाचा, 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्स समूहाचा, 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा, 'सकाळ' आणि साम टीव्ही पवार कुटुंबाच्या समूहाचे. 'सामना' हे १९८८ पासून शिवसेनेचं मुखपत्र, आज ठाकरे गटाकडे. 'प्रहार' नारायण राणे यांनी सुरू केला. न्यूज १८ लोकमतमध्ये नेटवर्क१८ आहे, म्हणजे रिलायन्स. एनडीटीव्ही मराठी अदानी समूहाकडे.

मालक कळला म्हणजे बातमी खोटी ठरत नाही. कोणत्या विषयावर या पेपरची साक्ष एकट्याने पुरेशी नाही, एवढंच त्यावरून कळतं. धारावी पुनर्विकास अदानी समूहाकडे आहे, तेव्हा त्यावरची बातमी त्याच समूहाच्या चॅनलवर पाहिली तर दुसरीकडेही पाहा. 'सामना'चा अग्रलेख पक्षाची भूमिका म्हणून वाचला तर उलट फार उपयोगी आहे, तिथे कोणी तटस्थतेचा आव तरी आणत नाही.

७. बातमी खरी असूनही एकांगी आहे, हे ओळखायचं कसं?

एकांगीपणाचं मोठं काम निवडीतून होतं, त्यासाठी खोटं बोलावंच लागतं असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७३ च्या आसपास. दोन्ही आकडे खरे, दोन्ही मुंबईचे. ज्याला जो मथळा हवा त्याने तो आकडा उचलावा. म्हणून आकडा दिसला की विचारा: कुठला, कधीचा, कशाच्या तुलनेत? 'गुन्हे ४० टक्के वाढले' यात पाचाचे सात झालेत की पाच हजारांचे सात हजार?

मग भाषा पाहा. मराठी बातमीत कर्ता गायब करणं फार सोपं आहे. "लाठीमार झाला", "झोपड्या हटवण्यात आल्या", "निधी वळवला गेला". कोणी केलं? एका बाजूच्या कृत्याला कर्ता आहे ("आंदोलकांनी दगड फेकले") आणि दुसऱ्या बाजूचं आपोआप घडलं ("लाठीमार झाला"), असा फरक एकाच बातमीत दिसला की पेन्सिलने खूण करा.

'सूत्रांनी सांगितले', 'समजते', 'चर्चेला उधाण', 'राजकीय वर्तुळात खळबळ' हे शब्द काढून बातमी पुन्हा वाचा. उरलेल्यात एखादं नाव, तारीख किंवा कागद सापडला तर ती बातमी, नाहीतर कुजबुज. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर बहुतेक 'नाही' असतं.

आणि शेवटचा परिच्छेद चुकवू नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याचा खुलासा बऱ्याचदा तिथेच, एका ओळीत, पडलेला असतो.

८. जाहिरात बातमीसारखी छापलेली असते, ती कशी पकडायची?

बांधकाम प्रकल्पांच्या बाबतीत एक हुकमी खूण आहे. प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. पनवेल-कर्जतच्या 'निसर्गरम्य घरकुला'वरच्या लेखाखाली तो चौकोन दिसला, की कोणाचे पैसे लागलेत ते कळलं. बाकी ठिकाणी 'ॲडव्हर्टोरियल', 'प्रायोजित', 'मीडिया मार्केटिंग इनिशिएटिव्ह' असे शब्द कोपऱ्यात शोधा. इन्स्टावर 'पेड पार्टनरशिप' नावाखाली असतं, ते टाळणारे मात्र भरपूर.

निवडणुकीच्या काळातली पेड न्यूज वेगळी. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभेच्या वेळी हे प्रकरण गाजलं, तेव्हा स्पर्धक दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने शब्दशः सारखा मजकूर छापून आल्याचं उघड झालं होतं. म्हणून बातमीतलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. दोन पेपरांत तेच वाक्य मिळालं तर ते वृत्तसंस्थेचं तरी असेल किंवा पत्रकातलं तरी. वृत्तसंस्थेचं असेल तर पीटीआय वगैरे नाव दिलेलं असतं.

९. मूळ कागद, मूळ कागद म्हणता, तो सामान्य माणसाला मिळतो कुठे?

वाटतं त्यापेक्षा सहज. राज्य सरकारचा निर्णय असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' विभागात. जीआरच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते: हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. त्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आकडे वर्ष, महिना आणि दिवसाचे असतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या जीआरच्या फोटोत संकेतांक नसेल, किंवा त्यातली तारीख वरच्या तारखेच्या जवळपासही नसेल, तर पुढे पाठवू नका. संकेतांक असेल तर तो संकेतस्थळावर टाकून पाहा.

तरी एक खड्डा राहतोच: कागद खरा पण रद्द झालेला. पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या वादात १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय आला, १७ जूनला सुधारित आदेश आला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेत असल्याची घोषणा झाली. एप्रिलचा कागद जुलैत फिरवला तर तो अस्सलच दिसेल. म्हणून जीआर मिळाला की त्याच विभागाचे पुढच्या तारखांचे निर्णयही चाळा.

मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प पालिकेच्या संकेतस्थळावर असतो आणि उच्च न्यायालयाचे आदेश न्यायालयाच्या. आदेशात आधी शेवटची दोन पानं वाचा. न्यायमूर्ती सुनावणीत तोंडी काय म्हणाले यावर मथळे होतात, बंधनकारक असतो तो लेखी आदेश. पावसाचा इशारा हवामान खात्याच्या मुंबई केंद्रावर पाहा.

१०. व्हिडिओ जुना आहे की आजचा, पटकन कसं ओळखू?

व्हिडिओ थांबवून तीन-चार वेगवेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. टिनआय या चित्र शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर 'सर्वांत जुना आधी' असा क्रम लावता येतो. एकाच स्क्रीनशॉटवर विसंबू नका, पहिली फ्रेम बऱ्याचदा कापलेली किंवा उलटी केलेली असते.

मुंबईच्या पावसाळी व्हिडिओंत शहरच साक्ष देतं. फलाटावर 'एल्फिन्स्टन रोड' अशी पाटी दिसली तर तो जुलै २०१८ च्या आधीचा, कारण तेव्हापासून ते प्रभादेवी आहे. डिझेलवरची जुनी लाल डबलडेकर पाण्यातून चालली असेल तर १५ सप्टेंबर २०२३ नंतरचा नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'एमएच' आहे का, दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, पोलिसांचा गणवेश कोणता, हेही पाहा. दरवर्षी कुठल्या तरी भलत्याच शहराचा पूर हिंदमाता म्हणून खपवला जातो.

पेपरच्या कात्रणासाठी त्या तारखेचा ई-पेपर उघडा. बनावट कात्रण तयार करून देणारी संकेतस्थळं आहेत, त्यामुळे कागद पिवळट दिसतो हा पुरावा नव्हे.

११. कुटुंबाच्या ग्रुपवर काका रोज काहीतरी टाकतात. भांडण न करता सांगू कसं?

ग्रुपवर नाही, आधी खासगीत. चारचौघांत खोडलं की मुद्दा बातमीचा राहत नाही, मानाचा होतो. आणि काय खोटं आहे ते सांगताना काय खरं आहे तेही द्या, नुसतं 'फेक आहे' म्हटलं तर जागा रिकामी राहते. साधारण असं: "काका, तो पुलाचा व्हिडिओ मीही बघितला. चार वर्षांपूर्वीचा दिसतोय, बातमीची लिंक खाली देतो. ग्रुपवर तुम्हीच टाकता का? मी टाकलं तर बरं दिसणार नाही."

दुरुस्ती त्यांच्याच हातून गेली की लोक वाचतात. महिन्यातून एखाददुसरीच गोष्ट उचला, तीही आरोग्य, पैसा किंवा दंगलीची अफवा अशी. गणपतीच्या फोटोखालचं चुकीचं सुभाषित सोडून द्या.

दोन बाणांचं चिन्ह असलेला संदेश पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो आणि एका वेळी एकाच चॅटला पुढे जातो. मुलं पळवणाऱ्या टोळीचा संदेश आला तर मात्र थांबू नका, ग्रुपवर लगेच खोडा आणि पोलिसांना कळवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला अशाच अफवेवरून पाच जणांचा जमावाने जीव घेतला.

१२. मी सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी मला पकडतील का?

केवळ ॲडमिन असल्यामुळे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की समान हेतू किंवा आधी ठरवून केल्याचं दिसल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन जबाबदार नाही. तरी पाणीपुरवठा, लिफ्ट आणि मेंटेनन्स यांचा ग्रुप 'फक्त ॲडमिन पाठवतील' असा ठेवा आणि गप्पांचा वेगळा काढा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

१३. फॅक्ट-चेक करणारेही एका बाजूचेच असतात ना?

कोणता दावा तपासायला घ्यायचा या निवडीत कल असू शकतो, म्हणून निकालाचा शिक्का न पाहता पुरावा पाहा: मूळ व्हिडिओची लिंक, तारीख, संबंधिताचं उत्तर. मुंबईतलं बूम किंवा मराठीत तपासणी देणारी न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो यांसारखी संकेतस्थळं कामाची आहेत. दुरुस्त्या छापतात का आणि पैसा कुठून येतो हे सांगतात का, तेही बघा.

केंद्र सरकारच्या प्रसिद्धी विभागाचं पीआयबी फॅक्ट चेक केंद्र सरकारशी संबंधित दावेच तपासतं, म्हणजे तिथे सरकार स्वतःबद्दलच बोलत असतं. योजनेच्या नावाने आलेली बनावट लिंक ओळखायला उत्तम, सरकारवरच्या टीकेचा निवाडा करायला नाही. सरकारच्या अशा कक्षाला कायदेशीर वजन देणारी २०२३ ची आयटी नियमांतली दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

१४. एआयला विचारलं तर निष्पक्ष उत्तर मिळतं का?

प्रश्नात कल असेल तर उत्तरातही उतरतो. "कोस्टल रोड ही उधळपट्टी कशी आहे?" असं विचारलं तर उधळपट्टीचेच मुद्दे येणार. गूगलचंही तेच: 'कोस्टल रोड फायदे', 'कोस्टल रोड घोटाळा' आणि 'कोस्टल रोड निविदा खर्च' हे तीन शोध तीन वेगवेगळी गावं दाखवतात. तिसऱ्या प्रकारचा शोध घ्या. एआयकडून दोन्ही बाजूंचे सर्वांत भक्कम मुद्दे मागा, प्रत्येकाला लिंक मागा आणि लिंक उघडून पाहा. कधी कधी ती अस्तित्वातच नसते.

१५. समतोल म्हणजे दोघांना सारखी जागा?

धोरणाच्या वादात बहुतेक वेळा हो, मोजता येणाऱ्या गोष्टीत नाही. रस्ता करावा की रेल्वे यावर दोन मतं असू शकतात, किती मिलिमीटर पाऊस पडला यावर नाही.

१६. आमच्यासारख्यांचा आवाज मोठ्या माध्यमांत येतच नाही. आमचा ग्रुपही बबलच म्हणायचा का?

नाही. ज्यांना बाहेर जागाच मिळत नाही त्यांनी आपली जागा करणं आणि ज्यांचा आवाज सगळीकडे आहे त्यांनी दारं बंद करणं, यांत फरक आहे. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला मुंबईतून 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊनही जाहिरात छापली नव्हती. द्वेष आणि शिवीगाळ ऐकून घेणं हाही 'दुसरी बाजू' ऐकण्याचा भाग नाही, तिथे बेलाशक ब्लॉक करा. कसोटी एकच: ग्रुपमध्ये सदस्याने चुकीची माहिती टाकली तर दुसरा सदस्य ती खोडू शकतो का?

१७. एवढं सगळं रोज कोण करणार?

रोज नको. विरार-चर्चगेट प्रवासातली वीस मिनिटं पुरतात: एक मराठी पेपर, त्याच दिवसाचा दुसऱ्या समूहाचा एक, आणि दोघांपैकी एकाच पेपरने पहिल्या पानावर घेतलेली एखादी बातमी शोधणं. मूळ कागद आठवड्यातून एकदा. संध्याकाळच्या चॅनलचर्चा वगळल्या तर बातमी चुकत नाही.

१८. चुकीच्या बातमीची तक्रार कुठे करायची?

वृत्तपत्र असेल तर आधी संपादकांना लेखी कळवा, दुरुस्ती मागा, प्रत ठेवा. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे. दैनिक-साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने, इतरांसाठी चार. कौन्सिल ताशेरे ओढू शकतं, दंड करू शकत नाही.

चॅनलसाठी घाई करावी लागते: प्रक्षेपणापासून सात दिवसांत चॅनलकडेच तक्रार, त्यानंतर वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची एनबीडीएसए ही स्वनियमन संस्था. दंड जास्तीत जास्त एक लाख. चॅनल त्या संघटनेचं सदस्य नसेल तर हा रस्ता बंद. तक्रारीत 'चॅनल पक्षपाती आहे' असं लिहिलंत तर ती तिथेच पडेल. तारीख, वेळ, वाक्य आणि ते का चूक आहे याचा पुरावा, एवढंच लिहा.

१९. मतदानाच्या आदल्या दिवशी 'एक्झिट पोल'चे संदेश येतात. खरे असू शकतात का?

मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे. आणि मतदानाच्या आधी तर कोणी मतदान करून बाहेर आलेलंच नसतं, त्यामुळे आदल्या रात्रीचा 'एक्झिट पोल' हा शुद्ध बनाव.

लोकसभा-विधानसभेच्या वेळी आचारसंहिता भंगाची तक्रार निवडणूक आयोगाच्या सीव्हिजिल ॲपवर फोटो-व्हिडिओसह करता येते, ती शंभर मिनिटांत निकाली काढण्याचं लक्ष्य असतं. महापालिकेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा ती तक्रार त्यांच्याकडे किंवा तुमच्या प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे न्यावी लागते.